बारा पेरांचं गाणं

परभणीच्या कृषी महाविद्यालयात मला प्रवेश मिळाला, तेव्हा मुलींच्या वसतिगृहात आम्ही इतक्या थोड्या होतो की जेवायला सगळ्यांना मिळून एकच लांब टेबल पुरायचं. माझं गाव ताडकळसहून पुढं, आडरस्त्याला. वडील प्राथमिक शाळेत मास्तर. आमच्या बौद्ध वस्तीतून शिकायला बाहेर पडलेली मी पहिलीच मुलगी, त्यामुळे ट्रंक घेऊन मला सोडायला वडील आणि आत्या दोघंही आले होते. खोलीतल्या दुसऱ्या खाटेवर कपाळावर केस कापलेली एक मुलगी पाय वर घेऊन बसली होती. ती नागा डोंगरांमधून आली होती, कितीतरी गाड्या बदलत. सरकारी कोट्यातून देशभरच्या मुलांना अशा कॉलेजांत पाठवत असत, तशी तिला परभणी मिळाली होती. आत्यानं तिच्याकडं जरा वेळ बघितलं आणि मला हळूच विचारलं, "हिला भाकर आवडंल का?"

भाकरी तिला आवडली नाही, पण ठेचा ती नुसता खायची. तिला मराठी अजिबात येत नव्हतं, हिंदी मोडकंतोडकं आणि इंग्रजी अस्सल. माझं इंग्रजी पुस्तकातलं. वाचता यायचं, तोंडातून निघायचं नाही. तरी आमचं जमलं. पहिल्या वर्षी आम्ही निम्मं बोलणं हातांनीच केलं.

तिच्याकडं एक टेपरेकॉर्डर होता. सेल उतरले की ती ते खिडकीत उन्हाला ठेवायची, आमच्याकडं कुरडया वाळत घालतात तसे. मग ते पुन्हा थोडे चालायचे. एका रविवारी दुपारी तिनं मला समोर बसवलं, दोन कॅसेट काढल्या आणि म्हणाली, आधी ही ऐक.

आधी नुसतीच खरखर आली, सुपात ज्वारी पाखडल्यासारखी. मग त्या खरखरीतून एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला. त्याच्याजवळ एक गिटार होती आणि तो पायानं जमिनीवर ठेका धरत होता. बाकी कोणी नव्हतं. तो एक ओळ म्हणायचा, तीच पुन्हा म्हणायचा आणि मग तिसरी ओळ वेगळी. दर ओळीनंतर थांबायचा, तेवढ्यात गिटार दोन शब्द बोलावेत तशी वाजायची.

मग तिनं दुसरी कॅसेट लावली. त्यात आधी हजारो माणसांचा गलका होता. त्यावर ड्रम पडला, छातीत धक्का बसेल असा, आणि मग गिटार. गिटार हातात धरून वाजवतात एवढं मला माहीत होतं. ती अशी ओरडू शकते, हे माहीत नव्हतं.

"कशी वाटली?" तिनं विचारलं.

"दोन्ही गाणी चांगली आहेत," मी म्हटलं.

ती हसली. "दोन नाहीत. एकच आहे."

माझा विश्वास बसेना. मग तिनं माझा डावा पंजा हातात घेतला आणि करंगळीच्या खालच्या पेरावर अंगठा टेकवला. चार बोटं, प्रत्येकाला तीन पेरं. एक ओळ चार पेरं चालते. त्यातली दोन पेरं माणूस गातो, दोन पेरं गिटार बोलते. तीन ओळी झाल्या की बारा पेरं होतात, अंगठा तर्जनीच्या टोकाला पोचतो आणि गाणं पुन्हा करंगळीवर येतं. म्हाताऱ्याच्या गाण्यावर तिनं माझा अंगठा असा फिरवला. मग दुसरी कॅसेट लावली आणि माझा हात सोडून दिला.

माझा अंगठा आपोआप चालायला लागला. त्या सगळ्या गोंगाटाखाली तीच बारा पेरं होती. गाणारा एके ठिकाणी अर्धी ओळ म्हणून गप्प बसला आणि उरलेली अर्धी गिटारनं म्हटली, शब्द नसताना. पुढं तर गाणारा बाजूलाच झाला. शब्द संपले, तरी पेरं संपेनात. बोटांवरून ते गाणं पुन्हा पुन्हा फिरत राहिलं, दरवेळी जास्त मोठं होत. एवढ्याशा घरातून एवढं मोठं गाव बाहेर येताना बघावं तसं मला वाटलं.

या जुन्या गाण्यांना ब्लूज म्हणतात, हे तिनंच सांगितलं. अमेरिकेतल्या काळ्या माणसांची गाणी. पुढं रॉक बँडवाल्यांनी ती उचलली, आणि मंचावर उभं राहिल्यावर ते ती जशीच्या तशी कधीच गात नाहीत. कुठं ताणायचं, कुठं गप्प व्हायचं, हे एकमेकांच्या डोळ्यांकडं बघून तिथंच ठरवतात. तिच्या भावाकडं याच बँडची दुसऱ्या गावातली कॅसेट होती, त्यात म्हणे हेच गाणं अगदी हळू होतं.

हे मला नवीन होतं. आमच्या भागातल्या जत्रांत ऑर्केस्ट्रा यायचा. तो जितका रेडिओसारखा गाईल तितका भारी समजला जायचा. एक सूर इकडचा तिकडं झाला की पोरं शिट्ट्या मारायची. गाणं बदललं म्हणून कुणी वाहवा करतं, हे मी ऐकलं नव्हतं.

"ही माणसं काय काम करायची?" मी विचारलं.

"शेतात मजुरी," ती म्हणाली. "कापूस वेचायची."

मी तिला पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं.

आता आत्याबद्दल सांगायला हवं. वडिलांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. दुसऱ्या गावात तिचं दोन खणांचं घर होतं. विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगली झाल्या त्या पावसाळ्यात, मी शाळेत असताना, ते घर जळालं. ती अंगावरच्या लुगड्यानिशी आमच्याकडं आली आणि आमच्याकडंच राहिली. पुढं त्या गावाला ती कधी गेली नाही. घर आता कसं आहे, भिंती तरी आहेत का, हे कुणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

त्याआधी आत्याचा गळा सगळ्या शिवारात माहीत होता. कापूस वेचायला ती असली की बायका तिच्या मागच्या ओळी धरायला मुद्दाम जवळच्या तासात, पिकाच्या रांगेत, उभ्या राहायच्या. दंगलीनंतर ती वेचायला जायची, पण गायची नाही. बायकांनी आग्रह केला तर म्हणायची, "घसा बसलाय." तो घसा बरीच वर्षं बसलेला राहिला.

मी दुसऱ्या वर्षाला असताना तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन परभणीच्या दवाखान्यात झालं. डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्यात धूर आणि धूळ जाता कामा नये. गावाकडं चुलीपुढं बसल्याशिवाय तिला राहवलं नसतं. मी वसतिगृहाच्या बाईंना विचारलं. त्या कडक होत्या, पण थोडा विचार करून म्हणाल्या, "राहू दे. पण खोलीत स्टोव्ह पेटवायचा नाही." अशी आत्या आमच्या खोलीत आली, डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून. मी माझी खाट तिला दिली आणि खाली सतरंजी टाकली.

दिवसा आम्ही दोघी कॉलेजात. आत्या एकटी पडून असायची. म्हणून माझी मैत्रीण जाताना टेपरेकॉर्डर तिच्या उशाशी ठेवून चालू करायची. कॅसेट संपली की बटण आपोआप वर यायचं आणि आत्या आम्ही परत येईपर्यंत गप्प पडून राहायची.

एका संध्याकाळी तिनं मला विचारलं, "त्यो म्हातारा काहून रडायलाय गं? काय म्हनायलाय त्यो?"

मी सांगू की नको, असा विचार केला. पण ती वाट बघत होती. "तो म्हणतो, नावाड्या, मला पल्याड सोड. पुन्हा तेच म्हणतो. मग म्हणतो, पल्याड माझं घर होतं, ते उभं हाय का बघायचंय."

आत्यानं डोळ्यावरची पट्टी चाचपली. मग म्हणाली, "मग? सोडलं का त्यानं?"

"गाण्यात तेवढंच हाय."

"आन् त्यो दुसरा? त्यो दनका लावतोय त्यो?"

"तेबी तेच गाणं हाय, आत्या. तेच शब्द."

मला वाटलं होतं, तिला म्हाताऱ्याचं गाणं आवडेल आणि बँडचं कानाला टोचेल. ती म्हणाली, "मला त्यो दुसरा बरा वाटला. म्हातारा नावाड्याला इचारत बसलाय. ह्यो इचारतच न्हाई. ह्यो पान्यात उतरलाय."

मी हे मैत्रिणीला इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला. सांगता सांगता माझं इंग्रजी संपलं, पण तिला कळलं. ती उठली आणि आत्याच्या खाटेच्या कडेवर जाऊन बसली. मग मी आत्याला सांगितलं की ही कापूस वेचणाऱ्यांची गाणी आहेत. आत्यानं पट्टी बांधलेलं तोंड माझ्याकडं वळवलं. "तिकडं बी कापूस हाय?"

"लय."

"मंग त्यायच्या बी बोटायला बोंडं लागत असतील," ती म्हणाली, आणि आपल्या बोटांच्या टोकांवरून अंगठा फिरवला. वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात. वेचणीच्या दिवसांत आमच्या घरातल्या बायका मीठ-तिखटात हात घालताना तोंड वाकडं करायच्या.

त्यानंतरच्या आठवड्यात मी प्रक्षेत्रावरचं, म्हणजे कॉलेजच्या शेतावरचं, प्रात्यक्षिक संपवून परत येत होते. मैत्रिणीला बरं नव्हतं म्हणून ती खोलीतच थांबली होती. व्हरांड्यात पोचले आणि जागीच उभी राहिले. आतून आत्याचा आवाज येत होता.

*बोंडामागं बोंड, वेचता दिस गेला बाई*
*वेचता दिस गेला, ओटी माझी भरली न्हाई*

आवाज जाडसर झाला होता, मधेच तुटत होता. पण तोच होता. मी आत गेले नाही. मी आत गेले असते तर ती थांबली असती, हे मला पक्कं माहीत होतं. आमच्यापुढं इतकी वर्षं ती गायली नव्हती, कारण आम्हाला सगळं माहीत होतं. या मुलीला काहीच माहीत नव्हतं. तिला शब्दसुद्धा कळत नव्हते. तिच्यापुढं गाणं आत्याला सोपं गेलं असेल. दाराच्या फटीतून मी बघितलं तर मैत्रीण खाली सतरंजीवर बसली होती आणि आत्या गाताना तिचा अंगठा बोटांच्या पेरांवरून हळूहळू पुढं जात होता.

मी नळावर जाऊन पाय धुतले, परत धुतले, आणि आवाज थांबल्यावरच खोलीत गेले.

त्याच सुमाराला कॉलेजचं गॅदरिंग जवळ आलं. शिलाँगचा एक सीनियर मुलगा होता, उंच, अबोल. त्याच्याकडं लाल रंगाची इलेक्ट्रिक गिटार होती. ती त्यानं गोधडीत गुंडाळून रेल्वेनं आणली होती. त्यानं आणि माझ्या मैत्रिणीनं ते नावाड्याचं गाणं गॅदरिंगमध्ये करायचं ठरवलं. अडचण ड्रमची होती. कॉलेजात एक तबला आणि फाटकी ढोलकी, एवढंच. शेवटी आम्ही गावात गेलो आणि लग्नाच्या बँडमधल्या एका ड्रमवाल्याला विचारलं. पन्नाशीचा माणूस, मेंदी लावलेली दाढी. लग्नसराई नव्हती. तो यायला तयार झाला.

तालीम ट्रॅक्टरच्या शेडमध्ये चालायची. लाऊडस्पीकरवाल्याच्या अँप्लिफायरला गिटार जोडली होती. पहिल्या दिवशी ड्रमवाले चाचा थोडा वेळ वाजवून थांबले आणि मला म्हणाले, "बेटी, इनकू पूछ, इस गाने का मुखडा किधर है? हमारी बारात में गाना आता, जाता. ये तो वहींच घुमरा."

मी त्यांना बोटांची पेरं दाखवली. त्यांनी एकदा फिरवून बघितली. "हौ. बारा का चक्कर है," ते म्हणाले. मग पुढचा प्रश्न. "और खतम कब होता?"

शिलाँगच्या मुलाला मी विचारलं. तो म्हणाला, "जब होगा तब."

चाचांनी काड्या मांडीवर ठेवल्या आणि त्याच्याकडं बघितलं. मग हसले. "नवरदेव घोडे से उतरे तक बजाने का. समझ गया मैं."

गॅदरिंगच्या दिवशी शहरात वातावरण तंग होतं. नामांतराच्या बाजूनं मोर्चा होता, त्याच्या विरोधात दुसऱ्यांनी बंद पुकारला होता. कॉलेजनं ठरवलं की कार्यक्रम दुपारीच करायचा आणि दिवस मावळायच्या आत मुलांना आपापल्या खोल्यांत पाठवायचं. मैदानात मांडव होता, पण तो मंचापुरता. प्रेक्षक उन्हात. आत्याच्या डोळ्यावरची पट्टी निघाली होती आणि दवाखान्यानं काळा चष्मा दिला होता. मी तिला पुढं खुर्चीवर बसवलं आणि डोक्यावर छत्री धरून उभी राहिले. मागची मुलं छत्री खाली घे म्हणून कुरकुरत होती. आत्यानं मागं वळून आपला काळा चष्मा त्यांना दाखवला, तेव्हा ती गप्प झाली. मैदानाच्या कडेला, कुंपणापाशी, प्रक्षेत्रावर कामाला येणाऱ्या बायका बसल्या होत्या. त्यांची सुट्टी झाली होती आणि फुकटचा कार्यक्रम होता.

आधी सिनेमाची गाणी झाली, एक नाटुकलं झालं. मग हे तिघं मंचावर आले. माझ्या मैत्रिणीनं तिच्या डोंगरांतली लाल-काळी शाल खांद्यावर घेतली होती. तिनं पहिली ओळ म्हटली, अगदी हळू, नुसत्या आवाजात. मागून कुणीतरी ओरडलं, "हिंदी म्हणा, हिंदी." तिनं तीच ओळ पुन्हा म्हटली. तेव्हा गिटार आली.

तालमीत हे गाणं मी इतक्यांदा ऐकलं होतं की मला ते पाठ होतं. पण मंचावर ते वेगळंच निघालं. गिटारचा पहिला सूर मैदानभर गेला आणि कुंपणाच्या पलीकडं बाभळीवरचे बगळे उडाले. पोरांच्या शिट्ट्या थांबल्या. दुसऱ्या फेरीला चाचांनी ड्रम घेतला. तालमीत ते सरळ ठेका धरायचे. आज त्यांनी तसं केलं नाही. वरात नवरीच्या दारात येऊन अडते, कुणी पुढं सरकत नाही आणि बँड जागच्या जागी तापत जातो, तसा ठेका त्यांनी लावला. शिलाँगच्या मुलानं दचकून त्यांच्याकडं बघितलं. त्याचा हात क्षणभर थांबला. मग त्यानं मान डोलावली आणि आपलं वाजवणं त्या ठेक्याला नेऊन मिळवलं. मला माझ्या मैत्रिणीचं बोलणं आठवलं, की ते तिथंच ठरवतात, डोळ्यांकडं बघून. मी ते होताना बघत होते, शिलाँगचा एक पोरगा आणि परभणीचे एक चाचा यांच्यात. दोघांना एकमेकांची भाषा धड येत नव्हती.

किती फेऱ्या झाल्या, मला सांगता येणार नाही. माझा अंगठा छत्रीच्या दांड्यावर होता, त्यामुळं मोजणं सुटलं. मग गिटार खाली आली, ड्रम जवळजवळ गप्प झाला आणि मैत्रीण पुढं आली. मला वाटलं, ती शेवटचं कडवं म्हणणार. तिनं डोळे मिटले आणि म्हटलं,

*बोंडामागं बोंड, वेचता दिल गेला बाई*

नावाड्याच्या गाण्याच्या चालीवर. तिला "दिस" म्हणायचं होतं. तिच्या हिंदीच्या कानानं त्याचं "दिल" केलं होतं. पोरांमध्ये हशा पिकला. मी आत्याकडं बघितलं. काळ्या चष्म्यामागं काय चाललंय, ते दिसत नव्हतं. तिचे दोन्ही हात मांडीवर पालथे होते.

मैत्रिणीला हसण्याचं कारण कळलं नाही. तिनं तीच ओळ पुन्हा म्हटली, जास्त ताणून. त्यानंतरची दोन पेरं रिकामी होती, गिटारची. पण गिटार वाजायच्या आत कुंपणाकडून आवाज आला. कामावरच्या बायकांपैकी कुणीतरी सवयीनं पुढची ओळ धरली होती. मग तिच्या शेजारणीनं. मग सगळ्यांनी.

*वेचता दिस गेला, ओटी माझी भरली न्हाई*

शिलाँगच्या मुलानं तारांवरचा हात उचलून घेतला आणि त्यांना गाऊ दिलं. हसणारी पोरं गप्प झाली. त्यातल्या निम्म्यांच्या आया वेचायला जात होत्या. पुढच्या रांगेतले प्राध्यापक वळून वळून कुंपणाकडं बघत होते. मैत्रीण एक ओळ म्हणायची, बायका परतवायच्या, आणि दर खेपेला चाचा ड्रमवर थोडं थोडं वर चढवत होते. मग एकदम तिघंही सुटले. त्या आवाजानं माझ्या हातातली छत्री थरथरली. म्हातारा एकटा गात होता ते गाणं, बँडनं हजारोंपुढं नेलेलं गाणं आणि आमच्या तासांतलं गाणं, तिन्ही एकाच बारा पेरांवरून चाललं होतं आणि कुणी कुणाला ढकलत नव्हतं. मी तेव्हा वीस-एकवीस वर्षांची होते. पुढं आयुष्यात मी मोठी धरणं बघितली, समुद्र बघितला. पण डोळ्यांसमोर काहीतरी आपल्यापेक्षा फार मोठं उभं राहिलंय, आणि ते आपलंही आहे, असं त्या दुपारी वाटलं तसं पुन्हा वाटलं नाही.

गाणं कसं संपलं ते मला आठवत नाही. एवढं आठवतं की चाचा घामानं भिजले होते आणि पोरं त्यांना पुन्हा वाजवायला सांगत होती. प्राचार्य मंचावर आले आणि म्हणाले की दिवस मावळतोय, सगळ्यांनी खोल्यांवर जावं.

खोलीत आल्यावर मैत्रीण आत्यापुढं खाली बसली. आत्यानं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "दिस. दि-स."

"दिल," मैत्रीण म्हणाली.

"दिस गं. दिवस."

मी मधे पडून समजावलं. मैत्रिणीनं जीभ चावली आणि सॉरी म्हणाली. आत्यानं तिच्या कपाळावरचे केस मागं सारले. मग म्हणाली, "ऱ्हाऊ दे. ते बी खरंच हाय."

आत्या गावाकडं गेली. मैत्रीण पदवी घेऊन आपल्या डोंगरांत परत गेली. शिलाँगचा मुलगा त्याआधीच गेला होता. मी पुढच्या शिक्षणासाठी परभणीतच थांबले. ती गेल्यानंतरच्या वेचणीच्या हंगामात मी सुट्टीला घरी आले होते. आईबरोबर भाकरीचं गठुडं घेऊन शेताकडं निघाले तर बांधावरूनच आत्याचा आवाज ऐकू आला. ती बायकांच्या पुढं वेचत होती आणि गात होती. आई चालायची हळू झाली.

आत्या गात होती ते आमचं जुनंच गाणं होतं, पण चाल बदलली होती. पहिली ओळ म्हणून ती थांबायची. हात बोंडांवर चालू असायचे, गळा थांबलेला. मग तीच ओळ पुन्हा, पुन्हा थांबणं, आणि मग दुसरी. मागच्या बायकांना त्याची सवय झाली होती. त्याही थांबायच्या. त्या थांबण्यात वाळलेल्या पऱ्हाटीची खसखस तेवढी ऐकू यायची.

जेवताना मी विचारलं, "आत्या, मधे थांबती कशाला?"

"तिथं त्या गिटारवाल्या पोराची जागा हाय," ती म्हणाली आणि कांदा फोडला.

मी पुढं कृषी खात्यात लागले. जिंतूरला नेमणूक झाली. ज्या वर्षी अखेर विद्यापीठाच्या नावाचा निर्णय झाला, त्या वर्षी आमच्या वस्तीत सभा झाली आणि मी गावी गेले. लोक आनंदात होते आणि काही जण मनातून धास्तावलेलेही होते, कारण आधीच्या खेपेला काय झालं ते विसरलेलं नव्हतं. पूर्णेहून पोरांची एक गायनपार्टी आली होती, कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड घेऊन. आत्या तोवर म्हातारी झाली होती. तिला गायला कुणी सांगितलं नाही, पण पार्टीतल्या एका पोरानं तिचं वेचणीचं गाणं कुठून तरी उचललं होतं. ते त्यानं म्हटलं, नाचायच्या ठेक्यावर, भरभर. थांबायच्या सगळ्या जागा त्यानं कीबोर्डनं भरून टाकल्या होत्या. शब्द मात्र "दिल गेला" हाच होता. त्याला तो तसाच मिळाला होता.

मला ते आवडलं नाही. मी आत्याच्या कानाशी वाकून म्हटलं, "ह्यानं पार वाट लावली गं गाण्याची. थांबवू का?"

आत्या पायानं ठेका धरून बसली होती. "काहून थांबवायलीस?" ती म्हणाली. "पळायलंय तर पळू दे की. माझ्यानं आता पळनं व्हत न्हाई."

मग तिनं मला खाली बसायला सांगितलं, कारण मी समोर उभी राहिल्यानं तिला कीबोर्डवाला पोरगा दिसत नव्हता.